गाडी तापते, पण नेमकी कधी? इंजिन गरम होण्याचं कारण शोधण्याची पद्धत

माझी पहिली गाडी म्हणजे सेकंड हँड घेतलेली एक पेट्रोल हॅचबॅक. तिनेच मला ही विद्या शिकवली आणि फीही चांगली वसूल केली. घेतल्यापासून तापमानाचा काटा वर जायचा. आधी कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) बदललं, मग थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की त्याची वाट उघडणारी झडप), मग रेडिएटर (कूलंट गार करणारा भाग) काढून धुऊन आणला. काटा जिथल्या तिथे. शेवटी ओळखीतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कधी तापते?" मी म्हणालो, "सारखीच तापते." ते म्हणाले, "सारखी कुठलीच गाडी तापत नाही. दोन दिवस बघा आणि मग सांगा."

दोन दिवस बघितलं. हायवेला ८०च्या वेगाने गाडी अगदी शांत. सिग्नलला तीन-चार मिनिटं उभी राहिली की काटा चढायला लागतो. हे ऐकल्यावर त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं, फॅन सुरू होईपर्यंत थांबले, खिशातून एक चिठ्ठी काढली आणि ग्रिलच्या जाळीपाशी धरली. चिठ्ठी जाळीला चिकटायच्या ऐवजी त्यांच्या अंगावर उडाली. फॅन फिरत होता, चांगला जोरात फिरत होता, पण उलटा! आधीच्या मालकाने पुढच्या बाजूचं काम करून घेतलं तेव्हा कुणीतरी मोटरच्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या. पाच मिनिटांत काम झालं. त्याआधीचा माझा सगळा खर्च म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

म्हणून या लेखात पाना हातात घ्यायच्या आधी बघायच्या गोष्टी जास्त आहेत. डोळ्यासमोर साधी पेट्रोल किंवा सीएनजी गाडी ठेवली आहे. डिझेललाही बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी "गरम" म्हणजे किती ते ठरवू

इंजिन गरम असणं हा दोष नाही. ते गरम असायलाच हवं. बहुतेक गाड्यांत चालू इंजिनमधल्या कूलंटचं तापमान ८५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान खेळतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो, फॅन ९५ ते १०५च्या मध्ये कुठेतरी सुरू होतो. मे महिन्यात नागपुरात, एसी चालू, रहदारी तुंबलेली, अशा वेळी १०२ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. ११० ओलांडून वर चढतंच राहिलं तर थांबायचं.

"पण पाणी तर १००ला उकळतं!" हो, उघड्या पातेल्यात. महाबळेश्वरला तर साधारण ९५लाच उकळतं. गाडीतलं पाणी मात्र बंद असतं, प्रेशर कुकरसारखं. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला दिसेल, तो बार या दाबाच्या एककात असतो. तेवढा दाब आत धरून ठेवणं हे त्या झाकणाचं काम. बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त दाबाखाली साधं पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही आणि निम्मं कूलंट निम्मं पाणी असं मिश्रण असेल तर १२५च्याही पुढे जातं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे दोनदा उपयोगी पडेल: झाकण खराब झालं की गाडी का उकळते तेव्हा, आणि गरम झाकण उघडलं की माणूस का भाजतो तेव्हा.

आता काट्याबद्दल. डॅशबोर्डवरचा काटा खरं बोलतो, पण पूर्ण खरं बोलत नाही. बऱ्याच आधुनिक गाड्यांत तो मुद्दाम असा बसवलेला असतो की ८५ असो वा १००, तो मधोमधच उभा राहील. उगाच हललेला काटा बघून लोक सर्व्हिस सेंटरला धावू नयेत म्हणून. त्यामुळे काटा मध्याच्या वर सरकलेला दिसला तर प्रकरण आधीच पुढे गेलेलं असू शकतं. अनेक लहान गाड्यांत काटाच नसतो. इंजिन थंड असेल तर निळा दिवा आणि जास्त तापलं तर लाल. लाल दिवा लागला म्हणजे ती पूर्वसूचना नव्हे, तो निकाल आहे.

म्हणून पहिली खरेदी सुचवतो ती ओबीडी स्कॅनरची. स्टिअरिंगच्या खाली जो पोर्ट असतो त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ डबा. फोनवर ॲप टाकलं की कूलंटचं तापमान अंशांत दिसतं. भारतात २०१३ नंतर बनलेल्या गाडीत हा पोर्ट असतोच, आधीच्याही बऱ्याच गाड्यांत असतो. पी०२१७ असा कोड दिसला तर इंजिन मर्यादेपलीकडे तापल्याची नोंद आहे. पी०११७ किंवा पी०११८ दिसला तर संशय इंजिनवर नाही, तापमान सेन्सरवर किंवा त्याच्या वायरीवर घ्यायचा.

सेन्सरचा आणखी एक नियम आहे: काटा एका क्षणात खालून वर उडाला आणि तसाच परत आला, तर तो बहुधा विजेचा दोष. चार-पाच किलो लोखंड-ॲल्युमिनियम एका सेकंदात तापत नाही, तर शंभर किलोचं इंजिन काय तापणार. खरं तापणं हळूहळू चढतं. आणि याची उलट बाजू जास्त घातक आहे. कूलंट पूर्ण गळून गेलं असेल तर सेन्सर पाण्यात नसतो, हवेत असतो. मग इंजिन भाजत असताना काटा खाली दिसू शकतो. काटा पडलाय, पण बॉनेटमधून वास येतोय आणि इंजिन खडखडतंय, असं असेल तर काट्यावर विश्वास ठेवू नका.

रस्त्यातच तापली तर

समजा खंबाटकीचा चढ आहे, पुढे ट्रक रांगत चाललेत, आणि आकडा १०८, ११० असा चढतोय. एसी लगेच बंद करा. काचा खाली घ्या आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण वेगाने चालू करा. उन्हाळ्यात हा सल्ला छळ वाटेल, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच असतो. तो इंजिनमधली उष्णता काढून तुमच्या मांडीवर टाकतो. तेवढ्याने आकडा उतरला तर सुरक्षित जागा मिळेपर्यंत सावकाश चला.

आकडा उतरला नाही, लाल दिवा लागला किंवा बॉनेटखालून वाफ निघायला लागली, तर डावीकडे घ्या आणि इंजिन बंद करा. "फक्त दोन किलोमीटर राहिलेत" हे वाक्य ज्यांनी मनात म्हटलं, त्यांच्यातल्या पुष्कळांनी नंतर हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचं, काम काढलंय.

त्यानंतर काही करू नका, हेच सर्वात अवघड असतं. रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, फडक्याने धरूनही नाही. दाब सुटला की ११०-१२० अंशांचं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, तापलेल्या ॲल्युमिनियमला तडा जाऊ शकतो. किमान पाऊण तास थांबा. रेडिएटरचा वरचा जाड रबरी पाइप हाताने दाबून बघा: चटका बसत नसेल आणि पाइप मऊ लागत असेल, तर झाकण पाव वळसा फिरवून थांबा, उरलासुरला दाब जाऊ द्या, मग काढा. कूलंट नसेल तर बाटलीतलं साधं पिण्याचं पाणी थोडं थोडं घाला. अडीअडचणीला साधं पाणी चालतं. ते तसंच वर्षभर ठेवणं चालत नाही.

मुख्य प्रश्न: कधी?

घरी आलात, गाडी थंड झाली. आता वही घ्या, किंवा फोनमध्ये लिहा. निदानाचा निम्मा भाग इथे होतो, फुकटात.

उभी असताना किंवा रहदारीत तापते आणि पळायला लागली की उतरते. म्हणजे हवेचा प्रश्न. ४०-५०च्या वेगाला समोरून येणारा वाराच पुरतो. उभ्या गाडीला फॅनशिवाय कुणी वाली नाही. आधी फॅन बघा.

शहरात ठीक, पण हायवेला किंवा घाटात तापते. म्हणजे पाण्याचा प्रश्न. इंजिन जास्त उष्णता निर्माण करतंय आणि तेवढी वाहून नेली जात नाही. रेडिएटर आतून तुंबलेला, कूलंट कमी, ते फिरवणारा पंप अशक्त, खालचा पाइप चपटा होतोय, यातलं काहीतरी. घाटात क्लच घसरत असेल किंवा ब्रेक चिकटून राहत असेल तरीही इंजिनवर बोजा वाढतो, हेही ध्यानात असू द्या. आणि पाचव्या गिअरमध्ये रेटत चढवायची सवय असेल तर आधी खालचा गिअर टाकून बघा.

सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापते, कुठेही असो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, किंवा कूलंट जवळपास नाहीच, किंवा हेड गॅसकेट (हेडखालची सील, पुढे सांगतो) फुटलंय.

फक्त एसी लावला की तापते. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो आणि स्वतःची उष्णता मागे टाकतो. दोघांच्या मध्ये कचरा साचलेला असतो, किंवा दोन फॅनपैकी एक मेलेला असतो.

काम केल्यानंतर तापायला लागली. म्हणजे त्या कामातच बघा. कूलंट बदललं असेल तर हवा अडकली असेल. बंपर काढला असेल तर फॅनची वायर किंवा फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण. ते आवरण "नुसतं प्लास्टिक आहे" म्हणून न लावता परत दिलेल्या गाड्या मी पाहिल्यात. त्याच्याशिवाय फॅन पूर्ण रेडिएटरमधून हवा ओढू शकत नाही, फक्त आपल्यासमोरच्या गोलातून ओढतो.

सकाळी, थंड इंजिनवर

रात्रभर उभी राहिलेली गाडी घ्या, सपाट जागेवर. कूलंटची टाकी बघा, पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. इथे एक फसवणूक असते. ज्या गाड्यांत रेडिएटरला स्वतःचं झाकण असतं आणि बाजूची बाटली नुसती साठ्याची असते, तिथे बाटली भरलेली पण रेडिएटर अर्धा रिकामा असं होऊ शकतं. झाकणातली उलटी झडप बिघडली, किंवा बाटलीची नळी फुटली, तर गार होताना पाणी परत ओढलं जात नाही. म्हणून पूर्ण थंड असताना झाकण काढून रेडिएटरमध्येच डोकवा. पाणी अगदी तोंडापर्यंत हवं. ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकण नसून दाब टाकीतच असतो, तिथे टाकीची पातळी हीच खरी.

झाकणाचं रबर बघा. चिरलेलं, कडक झालेलं किंवा सपाट दबलेलं असेल तर बदला. तापण्याच्या सगळ्या दुरुस्त्यांमध्ये ही सर्वात स्वस्त. बदलताना आकडा तोच घ्या. जास्त दाबाचं झाकण लावलं की जुना रेडिएटर किंवा हीटरचा पाइप फुटतो.

पाण्याचा रंगही बोलतो. स्वच्छ हिरवं, लाल, गुलाबी, निळं, काहीही असेल तरी ठीक. रंग कंपनीची निवड असते, त्यावरून प्रकार ओळखता येत नाही. म्हणून नुसता रंग जुळवून दोन कूलंट मिसळू नका, गाडीच्या पुस्तकात दिलेला प्रकार वापरा. तपकिरी, गढूळ पाणी म्हणजे आत गंज. पांढुरका थर म्हणजे क्षार, वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतल्याची पावती. तेच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. आपल्याकडे बर्फ पडत नाही मग कूलंट कशाला, असं विचारणारे भेटतात. गोठण्यासाठी नव्हे, गंजासाठी आणि उकळबिंदूसाठी. तयार मिश्रण घेतलं तर तसंच ओता, दाट घेतलं तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं.

पातळी कमी असेल तर ते गेलं कुठे? कूलंट पेट्रोलसारखं संपत नाही. गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा. समोर डावीकडे पडणारं स्वच्छ पाणी एसीचं असतं, त्याची चिंता नको. रंगीत, बोटांना बुळबुळीत लागणारं आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. चव बघू नका, ते विषारी असतं, आणि गोडसर म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, तेव्हा सांडलेलं धुऊन टाका. पाइपांच्या क्लिपा, रेडिएटरच्या कडेला प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचा जोड, वॉटर पंपाखालचं बारीक भोक: इथे वाळलेले पांढरट किंवा रंगीत ओघळ शोधा. खाली काहीच नाही, पण आत गोड वास येतो, समोरची काच आतून चिकट धुक्याने भरते आणि पायाखालचं कार्पेट ओलं, तर हीटरचा रेडिएटर गळतोय.

इंजिन ऑइलची पातळीही याच वेळी बघून घ्या. ऑइलसुद्धा बरीच उष्णता वाहून नेतं.

फॅन

इंजिन सुरू करा, एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लागताच फॅन फिरायला लागतो. फिरला तर मोटर, फ्यूज जिवंत आहेत. मग एसी बंद करून इंजिन उभ्या जागी चालू ठेवा आणि स्कॅनरवर आकडा बघत बसा. १००-१०५च्या आसपास फॅन आपोआप लागला पाहिजे आणि आकडा खाली आला पाहिजे. हात, ओढणी, सैल बाही फॅनपासून लांब ठेवा. इंजिन बंद केल्यावरही तो अचानक सुरू होऊ शकतो.

अजिबात फिरत नसेल तर क्रम असा: फ्यूज, रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारा स्विच), मग मोटर. रिलेची चाचणी मजेशीर आहे. फ्यूजच्या डब्यात हॉर्नचा रिले बहुधा त्याच आकाराचा असतो. दोन्हींवरचे आकडे जुळत असतील तर अदलाबदल करा. फॅन फिरला आणि हॉर्न मुका झाला, तर गुन्हेगार सापडला. मोटरला बॅटरीतून थेट करंट दिल्यावरही ती हलली नाही, किंवा पात्याला बोटाने ढकलल्यावरच फिरायला लागली, तर तिचे ब्रश झिजलेत. ढकलायचं ते इंजिन बंद, फॅनचा प्लग आणि करंट काढलेला असताना, मग हात लांब घेऊन करंट परत जोडायचा.

फिरतोय म्हणून सोडून देऊ नका. चिठ्ठीची चाचणी करा, ग्रिलपाशी कागद धरला की आत ओढला गेला पाहिजे. मी कुणाकडून शिकलो ते वर सांगितलंच आहे.

रेडिएटर: बाहेरून आणि आतून

बाहेरून तुंबलेला डोळ्यांना दिसतो, पण समोरून दिसतो तो कंडेन्सर. खरा कचरा दोघांच्या मध्ये. ऊस तोडणीच्या दिवसांत पाचट, पावसाळ्यात चिखल, एरवी किडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या. इंजिन थंड असताना इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, साध्या नळाच्या जोराने पाणी मारा. प्रेशर वॉशर जवळ धरला तर पापुद्र्यासारख्या पट्ट्या वाकतात आणि आहे तेवढी वाटही बंद होते.

आतून तुंबलाय का हे कळायला इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे ताप बघायच्या बंदुकीचा मिस्त्री भाऊ, चांगला उपयोगी पडतो. ताप बघायचा नको, तो फार वर मोजत नाही. हे यंत्र चकचकीत धातूवर खोटं बोलतं, खूप कमी दाखवतं. रबरी पाइपावर मोजा, किंवा धातूवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर मोजा.

इंजिन पूर्ण तापलंय आणि फॅन चालू आहे, अशा वेळी वरचा पाइप आणि खालचा पाइप मोजा. दोघांत साधारण दहा-पंधरा अंशांचा फरक सापडला तर रेडिएटर आपलं काम करतोय. फरक जवळपास नाहीच, तर पाणी फिरतंय पण हवा उष्णता घेत नाही: फॅन किंवा बाहेरचा कचरा. वरचा पाइप जळतोय आणि खालचा कोमट, तर पाणीच पुढे सरकत नाही: थर्मोस्टॅट, पंप किंवा तुंबलेल्या नळ्या. मग रेडिएटरच्या पृष्ठभागावर बंदूक फिरवा. मध्येच एखादा पट्टा गार लागला, तर तिथल्या नळ्या बंद. फार जुना, क्षारांनी भरलेला रेडिएटर रसायन टाकून धुण्यापेक्षा नवा बसवणं मी पसंत करतो. धुतल्यावर सुटलेला गाळ पुढे हीटरमध्ये जाऊन बसतो, आणि क्षारांनीच बुजलेली गळती उघडी पडते, ती वेगळीच.

थर्मोस्टॅट, पंप, पाइप

थंड इंजिन सुरू करा आणि ज्या पाइपावर थर्मोस्टॅट बसतो (बहुधा वरचा) त्यावर दर मिनिटाला हात ठेवा. आकडा ८०पर्यंत जाईपर्यंत तो गार किंवा कोमट राहायला हवा, आणि ८५-९०च्या आसपास अचानक गरम व्हायला हवा. आकडा १००च्या पुढे गेला तरी पाइप गारच, तर थर्मोस्टॅट उघडत नाही. खात्री करायची तर काढून जुन्या पातेल्यात पाण्यात दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, आणि थर्मामीटर टाकून गॅस लावा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास त्याने तोंड उघडायला सुरुवात केली पाहिजे. त्या पातेल्यात पुन्हा चहा करायचा नाही.

इथे एका सल्ल्यापासून सावध करतो. "साहेब, आपल्याकडे गरमी असते, थर्मोस्टॅट काढूनच टाकू." तो काढला की इंजिन कधीच नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमधली ओल उडत नाही, आणि स्कॅनरवर पी०१२८ कोड येतो. शिवाय खरा दोष झाकला जातो. चार महिन्यांनी तो मोठा होऊन भेटतो.

पंपाचं निदान बाहेरून मर्यादित होतं. त्याच्या बारीक भोकातून ओघळ, बेअरिंगचा घुर्रर्र आवाज, पुली हलवली की खेळ, यातलं काही असेल तर बदला. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही त्याच वेळी, मजुरी एकदाच लागते. कधी पंप बाहेरून छान असतो आणि आतली पाती गंजून गेलेली असतात, तेव्हा बाकी सगळं निर्दोष ठरल्यावरच संशय तिकडे जातो.

खालचा पाइप मात्र बघाच. इंजिनचा वेग हाताने वाढवला की पंपाच्या ओढीने तो चपटा होत असेल, तर तेच हायवेला होतंय.

अडकलेली हवा, आणि सीएनजी

कूलंट काढून भरल्यावर आत हवेचा फुगा राहतो. पाणी फिरत नाही, हीटर गार हवा फेकतो, काटा वर-खाली नाचतो. झाकण उघडं ठेवून, हीटर गरमवर टाकून, गाडीचं नाक शक्यतो चढावर ठेवून थंड इंजिन सुरू करा आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू द्या. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, भरत राहा. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून सलग पाणी येईपर्यंत तो ढिला ठेवा. लहान हॅचबॅकच्या सगळ्या यंत्रणेत मिळून चार-पाच लिटर मावतं. पुस्तकातला आकडा आणि तुम्ही ओतलेलं यात लिटरभर फरक असेल, तर हवा अजून आत असू शकते.

बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर एक जादा जागा तपासा. गॅसचा दाब उतरतो तेव्हा तो प्रचंड गार होतो, म्हणून दाब उतरवणाऱ्या रिड्यूसरला गरम ठेवायला हीटरच्या पाइपातून कूलंटची फांदी काढलेली असते. त्या टी-जोडांच्या क्लिपा कंपनीच्या नसतात, गळती आणि हवा तिथेच सुरू होते. रिड्यूसरवर गारठ्याने दव किंवा बर्फ धरलेलं दिसलं, तर कूलंट तिथवर पोचतच नाही.

हेड गॅसकेट: घाबरण्याआधी चार चाचण्या

हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. पण गॅरेजमध्ये कुणी "गॅसकेट उडालंय" म्हणालं तर पुरावा मागा.

सिलिंडर आणि पाण्याचा मार्ग यांच्यामधली ही सील. ती फुटली की जळालेला वायू पाण्यात शिरतो, किंवा पाणी सिलिंडरमध्ये, किंवा पाणी आणि ऑइल एकत्र. कुठून फुटली यावर लक्षणं ठरतात, सगळी एकदम दिसतील असं नाही.

पहिली चाचणी सकाळची. रात्रभर थंड इंजिन, झाकण लावून सुरू करा आणि एक-दोन मिनिटांत वरचा पाइप दाबा. पाणी अजून गारच आहे, तर दाब यायला नको. तरीही पाइप दगडासारखा कडक लागला, तर तो दाब वाफेचा नाही, सिलिंडरचा आहे. दुसरी: थंड असताना झाकण काढून सुरू करा. हवा काढून झालेली असूनही बुडबुडे थांबतच नाहीत आणि इंजिनचा वेग वाढवला की वाढतात, तर संशय पक्का होत जातो. तिसरी: ऑइलच्या काडीवर कॉफीच्या फेसासारखा थर. इथे घाई नको. रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत, पावसाळ्यात, ऑइलच्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस ओलीनेही जमतो. काडीवरचं सगळं ऑइल दुधाळ असेल आणि पातळी वाढलेली असेल, तर मात्र इंजिन सुरूच करू नका. सायलेन्सरचा पांढरा धूरही असाच: थंडीतल्या सकाळी सगळ्याच गाड्या सोडतात. इंजिन तापल्यावरही दाट, गोडसर वासाचा धूर येतच राहिला तर चिंता.

चौथी चाचणी गॅरेजात होते आणि तिच्यावर माझा सर्वात जास्त भरवसा आहे. टाकीच्या तोंडावर निळं द्रव भरलेली नळी लावून आतली हवा त्यातून ओढतात. जळालेला वायू असेल तर निळ्याचं पिवळं होतं. हेड उघडण्याआधी ही मागा, सोबत कॉम्प्रेशनचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाचे, आकडे मागा.

हेड उघडलंच तर ते सपाट आहे का हे सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून घ्या. तापलेलं ॲल्युमिनियम वाकतं, आणि वाकलेल्या हेडवर नवं गॅसकेट टिकत नाही. आणि एवढं झाल्यावर मूळ प्रश्न विचारायला विसरू नका: गॅसकेट उडालं ते गाडी तापल्यामुळे, मग गाडी तापली कशामुळे? फॅनचा रिले तसाच ठेवून हेड बसवलं, तर पुढच्या मे महिन्यात परत तेच.

गॅरेजला जाताना

"गाडी गरम होते, बघा जरा" एवढं सांगून चावी देऊ नका. कधी, किती वेळाने, किती अंश, एसी चालू होता का, कूलंट किती दिवसांत किती कमी झालं, आणि त्याआधी कुठलं काम झालं होतं, हे कागदावर लिहून द्या. काढलेले भाग परत मागा.

काम झाल्यावर अर्धा तास उभी गाडी एसीसह चालवून फॅनची दोन-तीन आवर्तनं डोळ्यांनी बघा, मग ज्या परिस्थितीत तापत होती त्याच परिस्थितीत न्या. माझ्या बाबतीत ती जागा म्हणजे सिग्नल होती, तर मी संध्याकाळी साडेसहाला मुद्दाम गर्दीत जाऊन उभा राहिलो. तुमची घाटात तापत असेल तर घाटात न्या. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना पातळी बघा, टाकीवर मार्करने रेघ मारा आणि आठवडाभर रोज त्या रेघेशी ताडून बघा.